फ्रीजवरची वही

"काल दिवसभरात त्याने किती वेळा लघवी केली?"

डॉक्टरांनी हे विचारलं तेव्हा भुरा टॉवेलात गुंडाळलेला माझ्या मांडीवर होता, आणि मला उत्तर देता आलं नाही. परवा किती वेळा? तेही माहीत नव्हतं. पाणी किती प्यायला, शेवटचं पोटभर कधी खाल्लं, उलटी झाली का, प्रत्येक प्रश्नाला मी "बहुतेक", "असेल", "झाली असेल एखादी" असंच म्हणत होते. पाच वर्षं हा बोका माझ्या पायाशी झोपत होता. त्याला कुठे खाजवलेलं आवडतं, कुठल्या आवाजाला तो पलंगाखाली पळतो, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पण त्याचं शरीर रोज काय करतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

आदल्या संध्याकाळपासून तो सारखा लिटर ट्रेमध्ये जाऊन बसत होता. कुंथायचा, बाहेर यायचा, दोन मिनिटांत परत आत. मधूनच घशातून एक खोल, लांबट आवाज काढायचा. मला वाटलं शी साफ होत नाहीये, सकाळपर्यंत मोकळा होईल. सकाळी तो ट्रेमध्येच आडवा पडलेला सापडला.

डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि लगेच म्हणाल्या, "मूत्राशय तट्ट फुगलंय, दगडासारखं लागतंय." बोक्याची मूत्रनलिका टोकाकडे फार अरुंद असते. खड्यांचे बारीक कण आणि चिकट स्राव यांचं मिळून तिथे बूच बसतं. लघवी मागे तुंबते, मूत्रपिंडं काम सोडतात, रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि शेवटी हृदय बंद पडतं. हे सगळं एक-दोन दिवसांत. भुऱ्याला भूल देऊन कॅथेटर घातला, सलाईन लावलं आणि तीन रात्री दवाखान्यात ठेवून घेतलं. तो वाचला. पण मी वाया घालवलेली ती एक रात्र मी अजून विसरलेली नाही, म्हणून हे सगळ्यात आधी लिहिते आहे: बोका ट्रेमध्ये कुंथतोय आणि लघवीचा थेंब दिसत नाहीये, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री निघा.

घरी नेताना डॉक्टरांनी औषधं समजावून दिली, फाईल हातात ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, एक वही करा. हा बरा असतो तेव्हा कसा असतो, ते त्यात लिहा. आजारी कसा दिसतो ते मला कळतं. बरा कसा असतो ते फक्त तुम्हालाच कळणार."

ती वही गेली सहा वर्षं आमच्या फ्रीजवर आहे. पेन दोऱ्याने बांधलेलं आहे, कारण लेक पेन पळवते. वहीत दोघांची पानं आहेत. पुढची भुऱ्याची, मागून उलटी सुरू केलेली तांबूची. तांबू आमचा कुत्रा, मिश्र जातीचा, लहानखुरा, आता बारा वर्षांचा.

पहिल्या पानावर आकडे आहेत. झोपेतला श्वास, मिनिटाला किती. छाती वर गेली आणि खाली आली की एक मोजायचा, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं. निवांत झोपलेल्या कुत्र्याचा किंवा मांजराचा श्वास मिनिटाला तिसाच्या आत असायला हवा. आमच्या भुऱ्याचा वीस-बावीस असतो, तांबूचा सोळा ते अठरा असायचा. स्वप्न पडत असेल, पाय हलत असतील तर मोजायचं नाही, थांबायचं. त्याखाली तापमान: साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. आपल्यासाठी जो ताप, तो त्यांचा रोजचा. नाक गरम की गार यावरून काहीही ठरत नाही हे मला त्याच दिवशी कळलं. लहानपणापासून मी नाकालाच हात लावून बघत आले होते. मग हिरड्या. बोटाने दाबायच्या, दाबलेली जागा पांढरी होते, बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. हिरड्या पांढऱ्याफटक, निळसर, पिवळ्या किंवा विटेसारख्या लाल दिसल्या की फोन. तांबूच्या हिरड्या जन्मापासून बऱ्याचशा काळ्या आहेत, तिथे काही कळत नाही. त्याची खालची पापणी अलगद ओढून आतला रंग बघायला डॉक्टरांनी शिकवलं. तुमच्याही कुत्र्याच्या हिरड्या काळ्या असतील तर हे आत्ता, तो बरा असताना बघून ठेवा. तो रंग ओळखीचा असेल तरच पुढे बदललेला कळेल.

भुऱ्याच्या पानांवर एक रकाना लघवीच्या गोळ्यांचा आहे. गोळ्या म्हणजे लिटरमध्ये भिजून बनतात त्या. दिवसाला दोन-तीन, साधारण लिंबाएवढ्या. आकार लहान झाला, संख्या वाढली की मी सावध होते. त्याचं कोरडं खाणं कमी करून ओलं खाणं वाढवलं, पाण्याची भांडी तीन ठिकाणी ठेवली, खाण्याच्या ताटलीपासून लांब. एकदाच, दोन वर्षांनी, वहीत "६, छोट्या" अशी नोंद झाली आणि आम्ही दुपारीच दवाखान्यात होतो. त्या वेळी कॅथेटर लागला नाही.

मांजर खात नसेल तर किती दिवस वाट बघावी, हा प्रश्न मला ओळखीचे लोक बरेचदा विचारतात. एक दिवस, यापुढे नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, त्यातून ते जाड असेल, तर अंगातली चरबी यकृताकडे धावते आणि यकृतच निकामी होऊ लागतं. मूळ दुखणं किरकोळ असलं तरी उपास त्याला मारू शकतो. "रुसलंय" म्हणून सोडून देऊ नका.

वहीच्या मलपृष्ठावर दवाखान्याचा फोन नंबर मोठ्या अक्षरात आहे, आणि त्याखाली रात्री उघडा असणाऱ्या दुसऱ्या दवाखान्याचा. त्याच्या वर लेकीने लाल पेनाने लिहिलंय: आधी फोन, मग उपाय. हे वाक्य आमच्या घरात एका संध्याकाळी आलं. भुरा उडी चुकून पडला होता, लंगडत होता. माझी आई तेव्हा आमच्याकडे राहायला आलेली. तिला त्याचं दुखणं बघवेना. तिने स्वतःच्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी काढली, अर्धी मोडली आणि मला म्हणाली, "एवढीशी दे, आपल्याला चालते ती लहान मुलांनाही चालते." मला ते पटलंही होतं. तरी मी फोन लावला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळी आत्ता कुठे आहे? आईंच्या हातात? पोटात नाही ना?"

नाही म्हटल्यावर त्यांनी सुस्कारा टाकलेला मला ऐकू आला. मांजराच्या यकृताला ते औषध नीट मोडताच येत नाही. त्यातून जो विषारी घटक उरतो तो रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतो, आणि त्या रक्ताला प्राणवायू पोचवता येत नाही. हिरड्या तपकिरी होतात, चेहरा आणि पंजे सुजतात. एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घ्यायला पुरेशी होऊ शकते. आई रात्रभर जागी होती. तिने प्रेमानेच गोळी काढली होती, म्हणून तिला ते जास्त लागलं. आयबुप्रोफेन कुत्र्यालाही द्यायचं नाही, त्याने पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं जातात. माणसाच्या डब्यातलं काहीच विचारल्याशिवाय त्यांना द्यायचं नाही, एवढं धरून चाला.

असंच आणखी एक औषध आहे, आणि ते तर प्राण्यांच्याच दुकानात मिळतं. कुत्र्याच्या मानेवर घालायचे गोचिडांचे थेंब. त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला त्याने थरथर सुटते, झटके येतात. "मांजर लहान आहे, अर्धे थेंब घालू" असं कधीही करू नका. आमच्याकडे दोघं एकमेकांना चिकटून झोपतात, म्हणून डॉक्टरांनी तांबूसाठी परमेथ्रिन नसलेलं औषधच दिलंय. घरात दोन्ही प्राणी असतील तर औषध घेताना हे आवर्जून सांगा.

खाण्याच्या वस्तूंचं पान लांब आहे. चॉकलेट बहुतेकांना माहीत असतं. त्यातलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं, आणि चॉकलेट जितकं काळं तितकं ते जास्त. द्राक्षं आणि मनुके यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडतात. किती खाल्ल्यावर, हे सांगता येत नाही, कारण एखाद्याला थोड्याने होतं आणि एखाद्याला होत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी त्यातल्या टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवलं. कांदा-लसूण, कच्चा, शिजवलेला, पावडर, कसाही, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, आणि मांजर त्यात कुत्र्याहून नाजूक.

पण सगळ्यात कमी लोकांना माहीत असतं ते झायलिटॉल. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये, काही टूथपेस्टमध्ये, काही शेंगदाण्याच्या बटरमध्ये असतं. माणसाला त्याने काही होत नाही. कुत्र्याच्या शरीराला मात्र ती साखरच वाटते, इन्सुलिन भसाभसा सुटतं आणि रक्तातली खरी साखर अर्ध्या-एक तासात कोसळते. पुढे यकृतही जाऊ शकतं. तांबूने लेकीच्या दप्तरातून पाकीट काढून फाडलं तेव्हा मी ते रिकामं पाकीट, उरलेले चार तुकडे आणि घड्याळातली वेळ घेऊन निघाले. पाकिटावर वजन आणि घटक लिहिलेले असतात, त्यावरून डॉक्टरांना हिशेब करता येतो. त्यांनी तिथेच उलटी करवली, रात्रभर दर दोन तासांनी साखर तपासली. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करायला सांगणारे लोक भेटतील. तसं करू नका. मिठानेच विषबाधा होते. आणि गिळलेली वस्तू जळजळीत असेल, फरशी पुसायच्या आम्लासारखी, तर वर येताना ती अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळते.

लिलीची फुलं घरात आणत नाही. कोणी गुच्छ दिला तर त्यातल्या लिली दारातच काढते. पाकळी, पान, अंगाला लागलेला पराग, फुलदाणीतलं पाणी, यातलं काहीही चाटलं तरी मांजराची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत जाऊ शकतात. उंदराच्या विषाचंही एक सांगते. रक्त न गोठू देणारं जे विष असतं, त्याची लक्षणं दोन ते पाच दिवस दिसत नाहीत. कुत्रा खेळतो, खातो, आपण निर्धास्त होतो, आणि मग आतून रक्तस्राव सुरू होतो. व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे आणि तो वेळेत दिला तर उपयोगी पडतो. म्हणून "खाल्लंय पण ठीक दिसतोय" हे ऐकून कुणीही घरी थांबू नये.

दोरा, सुतळी, ऊन. मांजराच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, कापायचाही नाही. आतड्यात तो ताणलेला असतो, ओढला की आतडं कापतं.

गोचिडांवर मी दोन वर्षं चुकीचं लढले. तांबूच्या अंगावरची एकेक गोचीड काढून चिरडत बसायचे आणि आठवड्याने पुन्हा तितक्याच. डॉक्टरांनी सांगितलं की अंगावर दिसतात त्या थोड्याच, बाकीच्या भिंतीच्या फटींत, गादीखाली, पायपुसण्यात आहेत. मादी रक्त पिऊन टम्म झाली की खाली उतरते आणि हजारो अंडी घालते. कुत्रा स्वच्छ करून घर तसंच ठेवलं तर काही उपयोग नाही. मग आम्ही त्याची गादी दर आठवड्याला गरम पाण्यात धुवायला लागलो, भिंतीच्या कडा व्हॅक्यूमने ओढल्या, फटी बुजवल्या, आणि औषधाची तारीख वहीत टाकली. चार महिन्यांनी त्याच्या अंगावर एकही नव्हती. काढायची झालीच तर चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, काडी, तेल काही नको, डिवचलेली गोचीड पोटातलं जखमेत ओकते. उघड्या बोटांनी चिरडूही नका. आणि गोचिडांचा त्रास होऊन गेलेला कुत्रा काही आठवड्यांनी सुस्त झाला, ताप आला, खाईना, नाकातून रक्त आलं, तर रक्ततपासणी करून घ्या. एर्लिकिया आणि बबेसिया हे दोन्ही आजार गोचिडांतूनच येतात आणि लवकर सापडले तर औषधाला दाद देतात.

लसींबद्दल मला एकच गोष्ट नीट सांगावीशी वाटते, कारण पिल्लू आणलेले लोक दुसऱ्या डोसनंतर विचारतात, "पुन्हा तीच लस कशाला?" आईच्या दुधातून पिल्लाला जी प्रतिकारशक्ती मिळते ती त्याला जपते, पण तीच लसीलाही मारून टाकते. ती कधी ओसरते हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत लस द्यावी लागते, म्हणजे त्यातली एक तरी योग्य वेळी पडते. शेवटचा डोस चुकवला आणि पार्व्हो, म्हणजे आतड्यांचा जीवघेणा आजार, झाला, असं पिल्लू मी दवाखान्याच्या बाकावर पाहिलंय. त्याची मालकीण माझ्याच वयाची होती, हातात रक्ताने भरलेलं फडकं. पार्व्होचा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो, म्हणून कोर्स पूर्ण होईपर्यंत पिल्लाला अनोळखी कुत्र्यांच्या जागी खाली सोडू नये. कडेवर घेऊन जग दाखवा, माणसं दाखवा, आवाज ऐकवा.

रेबीजचं बूस्टर आम्ही सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घेतो. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन, त्यामुळे तारीख लक्षात राहते. दोघांनाही देतो, भुरा घराबाहेर पडत नसला तरी. आणि कोणालाही, कुठल्याही प्राण्याने चावलं तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच माणसांच्या डॉक्टरकडे जायचं. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजमधून जवळजवळ कोणीच वाचत नाही.

उन्हाळ्याचं थोडक्यात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच थंड होतो. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही धड जमत नाही. बंद गाडीत तापमान दहा मिनिटांत दहा-अकरा अंश सेल्सिअस वाढू शकतं, खिडकी जराशी उघडी ठेवूनही. रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्याच्या पंजालाही नको. ऊन लागलंच, लडखडायला लागला, हिरड्या लालभडक झाल्या, तर आधी थंड करा आणि मग दवाखान्यात न्या: अंगावर सतत पाणी ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल नुसता पांघरून ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होऊन उष्णता आत कोंडतो.

नसबंदीबाबत माझं मत ठाम आहे. डॉक्टरांशी वय ठरवून ती करून घ्यावी. शेजारच्या सात वर्षांच्या कुत्रीला माजानंतर दीड महिन्याने गर्भाशयात पू झाला. ती सारखं पाणी पीत होती, एवढंच तिच्या लोकांच्या लक्षात आलं होतं. शस्त्रक्रियेनंतर ती जगली, पण ते आठ दिवस त्या घरात कोणी जेवलं नाही.

आता तांबू. त्याचं वजन नऊ किलो असायला हवं. सहा वर्षांपूर्वी वहीत पहिल्यांदा लिहिलं तेव्हा ११.४ होतं. त्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकटीने, आणि वजाबाकी करायची. डॉक्टरांनी तळहात पालथा धरायला सांगितला: बोटांच्या मागच्या बाजूवरून हात फिरवल्यावर हाडं जशी लागतात, तशा फासळ्या लागायला हव्यात. तांबूच्या मला सापडल्याच नाहीत. त्या दिवशी त्यांनी ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं, जन्मभर. कमी खाणारे सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगले. मी दवाखान्यातून बाहेर येऊन बाकावर बसले. दोन वर्षं! मी त्याला ताटातला घास देत होते तेव्हा काय देत होते आणि काय काढून घेत होते, हे तेव्हा कळलं. वजन उतरायला चौदा महिने लागले. त्या सगळ्या नोंदी आहेत, ११.४, ११.१, ११.२, १०.८, अशा.

गेल्या हिवाळ्यात तपासणीत त्याच्या हृदयाचा आवाज डॉक्टरांना वेगळा लागला. झडप गळते आहे. लहान चणीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हे पुष्कळदा होतं. त्यांनी काही गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "वहीत आता एकच गोष्ट रोज लिहा. झोपेतला श्वास." अठरा, वीस, एकोणीस, वीस. पावसाळ्याच्या तोंडावर एका रात्री पंचवीस. दुसऱ्या रात्री एकतीस. मी दोनदा मोजला. तिसऱ्या रात्री चौतीस. दिवसा तो अगदी ठीक होता, खोकला नाही, दमणं नाही, शेपटी हलवत दारात येत होता. चौतीस लिहून मी फोन केला. एक्स-रेमध्ये फुफ्फुसात पाणी साठायला लागलेलं दिसलं, नुकतंच. पाणी उतरवायची गोळी वाढवली. डॉक्टरांनी वहीचं ते पान उघडं ठेवून त्यावर बोट ठेवलं आणि काही न बोलता मला परत दिली.

रात्री अकराला घर शांत झालं की मी त्याच्या गादीशेजारी जमिनीवर बसते. भुरा त्याच्या पाठीला टेकून झोपलेला असतो, म्हणून दोघांचे श्वास वेगळे करायला जरा वेळ लागतो. काल तांबूचा बावीस होता.